चिंचेनं घासलेलं यंत्र

माझ्या मालकांचं नाव आकाराम ज्ञानू पोवार. ते होते तोवर हे नाव मी तोंडानं तीन-चारदाच घेतलं असेल, तेही बायकांनी उंबऱ्यात अडवून उखाणा घ्यायला लावला म्हणून. आता अडवायला कुणी येत नाही, तेव्हा सरळ लिहिते. ते पुढारी नव्हते, पैलवान नव्हते, त्यांच्या नावाची पाटी कुठल्या चौकात नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ते टर्नर होते आणि तीस वर्षं एकाच लेथपुढं उभे राहिले. अशा माणसाबद्दल कोण लिहिणार? म्हणून मी लिहिते. माझं शिक्षण मराठी सातवी. चुका दिसतील त्या पोटात घाला, घालवत नसतील तर वाचू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला साळसूद समजायला नको. ह्या माणसाला जगात एकच नाद होता, आणि त्या नादाची वस्तू मी माझ्या हातानं चिंच लावून, घासून वाया घालवली.

लग्न होऊन मी उचगावला त्यांच्या घरी आले ते बावन्न साली. माझ्या सासूबाई, चिमणाबाई, कामाला खमक्या आणि तोंडाला त्याहून खमक्या. दुसऱ्या वर्षी मला मुलगा झाला आणि सव्वा महिन्याच्या आत गेला. भेटायला आलेल्या बायका ओसरीत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर सासूबाई म्हणाल्या, "हिच्या हाताला बरकत न्हाय." एवढंच म्हणाल्या, पण ते वाक्य मग आमच्या घरातच राहायला आलं. दूध नासलं, हिच्या हाताला बरकत न्हाय. म्हैस आटली, हिच्या हाताला बरकत न्हाय. कोंबडीनं अंडी घालायचं सोडलं तरी माझाच हात. मी तोंडाची काही कमी नाही. पण ह्या वाक्यापुढं माझी जीभ टाळूला चिकटायची, कारण आतून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

एकदा माझ्या हातून पाण्याचा डेरा फुटला. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "आई, पुरे." त्याच महिन्यात त्यांनी उद्यमनगरच्या मागच्या चाळीत दोन खोल्या घेतल्या. कुणी विचारलं तर सांगायचे, कारखाना लांब पडतो. उचगावहून कारखाना सायकलनं अर्ध्या तासावर होता. नव्या खोलीत मी पहिल्यांदा चूल पेटवली तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "हितं तुझ्या हाताला कुनी काय म्हननार न्हाय." हा शब्द त्यांनी पाळला. फार पाळला. तेच तर सांगायचं आहे.

आमची विमला त्याच खोलीत झाली आणि जगली. ती चार वर्षांची असताना घरात यंत्र आलं.

त्याचं असं झालं. राजारामपुरीत दत्तोपंत म्हणून एक म्हातारे डॉक्टर होते. रक्त, थुंकी तपासायला त्यांच्याकडं पितळेचा जुना जर्मन मायक्रोस्कोप होता. त्याची नळी वर-खाली करायचा स्क्रू झिजून गेला होता. कुणीतरी त्यांना ह्यांच्याकडं पाठवलं. ह्यांनी पितळेची सळई लेथवर लावली आणि हुबेहूब तसा स्क्रू कातून दिला. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी ह्यांना बसवून कोटीतीर्थ तळ्याच्या पाण्याचा एक थेंब दाखवला. त्या दिवशी हे घरी आले ते ताटावर बसले आणि भाकरी हातात धरून नुसतेच बघत राहिले. "त्या थेंबात गाव वसलंय, गाव. पळत्यात, थांबत्यात, एकमेकाला धडकत्यात." मला वाटलं उन्हाचा त्रास झाला असावा.

मग सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांकडं फेरी ठरलेली. एकसष्ट साली डॉक्टर दवाखाना बंद करून पुण्याला मुलाकडं निघाले. जाताना लाकडी पेटीसकट यंत्र त्यांनी ह्यांच्या हातात दिलं. म्हणाले, "पोवार, माझी मुलं ते कपाटावर ठेवतील. तुम्ही वापराल."

चाळीतले लोक त्याला दुर्बीण म्हणायचे. ह्यांना ते खपायचं नाही. "दुर्बीण लांबचं दावती. हे जवळचं दावतंय." म्हणून आम्ही नुसतं यंत्र म्हणायचो. कारखान्यातून आले की हातपाय धुवायचे, खिडकीपाशी बसायचे आणि मावळतीचा उजेड असेतोवर बघत राहायचे. पाण्यातल्या जिवांची पुस्तकातली नावं त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी आपलीच ठेवली होती. चपलेसारख्या लांबट, चपट्या, लगबगीनं पळणाऱ्या जिवाचं नाव पायताण. ज्याच्या तोंडाशी चाक गरगर फिरतं तो भिंगरी. आणि एक हिरवा गोळा असायचा, त्याच्या पोटात बारके हिरवे गोळे. ती लेकुरवाळी. चाळीतली पोरं-बाळं, म्हातारी माणसं, सगळी रांग लावून बघून गेली. मीही बघितलं. लेकुरवाळी मी बघितली तेव्हा मला जरा गलबलून आलं, पण मी म्हटलं, "इश्श, ह्यात काय हाय एवढं," कारण मला तसं म्हणायची सवय होती.

बघण्यापेक्षा त्यांचा जास्त वेळ यंत्र साफ करण्यात जायचा. डॉक्टरांनी एकेक गोष्ट शिकवली होती आणि ती हे देवपूजेसारखी करायचे. आधी रबरी फुग्यानं वारा मारायचा. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. मग मऊ केसांचा ब्रश. मग माझ्या सासऱ्यांच्या जुन्या पटक्याचा तुकडा, तोही साबण न लावता पाच पाण्यांतून काढलेला. काडीला कापूस गुंडाळून, भिंगाच्या मधून कडेकडं गोल गोल हात फिरवायचा, घासायचं नाही. बाटलीत एक उग्र वासाचं औषध असायचं. त्याचा एकच थेंब, कारण जास्त झालं तर भिंगं एकमेकांना चिकटवलेला डिंक सुटतो. दात्यांतलं जुनं वंगण रॉकेलनं काढून नवं भरायचं. पावसाळ्यात आमच्याकडं चपलांपासून पापडापर्यंत सगळ्याला बुरशी धरते, ती भिंगालाही धरते. म्हणून पेटीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची. दर आठ दिवसांनी ते तांदूळ परत भाजून द्यायचं काम माझं. विमलाला सुद्धा त्यांनी कधी एवढ्या हलक्या हातानं आंघोळ घातली नव्हती, असं मी चिडवायची आणि ते खाली बघून हसायचे.

आता पासष्ट सालची खंडेनवमी.

उद्यमनगरात खंडेनवमीची तऱ्हा वेगळी. त्या दिवशी लेथ, ड्रिल, सगळी मशिनं धुऊन पुसून लख्ख करायची, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. घरात ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा मांडायची. सासूबाई दसऱ्याला म्हणून उचगावहून आल्या होत्या. सकाळी कारखान्याला निघताना हे म्हणाले, "माझी हत्यारं पुसून ठेव पूजेला. यंत्र बी काढून ठेव. औंदा त्याची बी पूजा करूया."

मी पाटावर त्यांचा पाना, कानस, मापं घ्यायची हत्यारं मांडली आणि मधोमध यंत्र ठेवलं. सासूबाई लांबून बघत होत्या. म्हणाल्या, "पितळेचं हाय न्हवं ते? मग असलं काळंमिच्च कसं? देवापुढं असलं मांडत्यात व्हय?"

यंत्राचं पितळ काळपटलं होतं हे खरं. हे भिंगांना जिवापाड जपायचे, पण पितळेकडं बघायचे नाहीत. आदल्याच दिवशी मी समई, तांब्या, ताम्हण चिंचेनं घासून काढलं होतं. चिंच, मीठ, चुलीची राख आणि नारळाची शेंडी अजून मोरीतच होती. मला वाटलं, मशिनं धुतात तसंच हे. काचेला हात लावायचा नाही हे मला माहीत होतं. पण काच केवढी? मसुराच्या डाळीएवढी, आणि तिच्याभोवती सगळं पितळच. मी शेंडीनं घासलं, राखेनं घासलं, तांब्यानं पाणी ओतून धुतलं. तिन्ही काचांवर राख दिसली म्हणून ती पदरानं चोळून काढली. मग उन्हात वाळत ठेवलं. काचेभोवतीचं पितळ उजळेना म्हणून तिथं तर दोनदा घासलं, हे मला चांगलं आठवतं.

तासाभरात ते सोन्यासारखं दिसायला लागलं. मी पाटावर ठेवलं आणि वरच्या भिंगाच्या कडेला हळद-कुंकू लावलं. सासूबाई जवळ आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आता कसं! आज हिच्या हातानं काम झालं बग." तेरा वर्षांत माझ्या हाताचं त्यांनी केलेलं ते पहिलं कौतुक. नेमके तेव्हाच हे पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे होते.

त्यांनी यंत्राकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी चिंचेच्या हातानंच उभी होते आणि मला वाटतं मी हसत होते.

"कशानं घासलंस?" त्यांनी विचारलं.

"चिंचंनं. राखंनं. का वो?"

सासूबाई बघत होत्या. मग हे म्हणाले, "झकास झालंय की. नवं वाटाय लागलंय." आणि खाली बसून त्यांनी आपल्या हातानं यंत्राला झेंडूचं फूल वाहिलं. पुडा सोडताना त्यांची बोटं नीट चालत नव्हती. लेथवर केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक बोटानं सांगणारा माणूस तो. मी बघितलं आणि उपवासाचं पित्त असेल म्हणून सोडून दिलं.

सासूबाई उचगावला गेल्यावर त्यांनी चार-पाच दिवस लागोपाठ यंत्र उघडलं, पुसलं, वाळवलं, परत लावलं. मी विचारलं, "बिगाडलं का काय माझ्यानं?" म्हणाले, "छ्या, काय न्हाय. पानी गेलतं वाईच, काढलं." मला हायसं वाटलं. मला हायसं वाटलं, हे लिहिताना आज माझी मला लाज वाटते.

मग पूर्वीसारखंच सगळं सुरू झालं. हातपाय धुणं, खिडकी, थेंब, मावळतीचा उजेड. तोच फुगा, तोच ब्रश, तोच पटक्याचा तुकडा. रोज मला सांगायचे, आज पायताण लई हुती, आज भिंगरी आली. फक्त एक बदल झाला. ते आता दुसऱ्या कुणाला बघू द्यायचे नाहीत. विमला हट्ट करायची, तर म्हणायचे, "आज पानी बरं न्हाय." शेजारचं कुणी आलं, "आज पानी बरं न्हाय." पाणी असं दोन वर्षं रोज कसं बिघडतं? सातवी शिकलेल्या बाईलाही एवढं कळतं, जरा उशिरा कळतं इतकंच.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी, मिलचा भोंगा होऊन गेल्यावर, मी दाराला आतून कडी घातली आणि पेटी उघडली. त्यांचं बघून बघून मला सगळं येत होतं. आरसा खिडकीकडं वळवला, काचेच्या पट्टीवर त्यांनी तळ्यावरून भरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याचा थेंब टाकला, डोळा लावला. पांढरं. नुसतं पांढरं, पातळ ताकात बघावं तसं. स्क्रू फिरवला, दुसरं भिंग लावलं, तिसरं लावलं. तिन्हींत तेच. भिंग काढून उजेडाला धरलं तेव्हा त्यावर नारळाच्या शेंडीचे ओरखडे दिसले, बारीक, एकावर एक.

मी जमिनीवर बसून राहिले. दोन वर्षं हा माणूस रोज ताकात बघत होता आणि मला गावाच्या गोष्टी सांगत होता.

सांगून टाकावं असं मला वाटलं. सगळी दुपार वाटलं. पण सांगणार काय? यंत्र माझ्यामुळं गेलं हे मला कळलंय, असं म्हटलं की पुढचं वाक्य कुणी उच्चारायची गरजच नव्हती. ते माझ्याच तोंडून आलं असतं. ज्या वाक्यापासून लांब न्यायला त्यांनी घर सोडलं, ते मी स्वतःच नव्या घरात आणून बसवायचं? आणि त्यांची दोन वर्षांची मेहनतही पाण्यात जाणार. संध्याकाळी ते आले, हातपाय धुतले, बसले. मी भाकरी थापता थापता विचारलं, "काय दिसतंय आज?"

त्यापूर्वी मी आपण होऊन कधी विचारलं नव्हतं. त्यांचं तोंड इतकं उजळलं की मग मी रोज विचारायला लागले.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. आधी आधी फार थोडकं सांगायचे. मग हात बसला. पायताणं आता एकमेकांशी भांडायला लागली, भिंगरीचं एका हिरव्या काडीवर मन बसलं, लेकुरवाळीच्या लेकी नांदायला गेल्या. मी हसायची, "मग पुढं?" म्हणायची. दर आठ दिवसांनी तांदूळ भाजून द्यायची. कधी ते नळीला डोळा लावून गप्प बसायचे, बराच वेळ, आणि मला चुलीपुढून त्यांची पाठ दिसायची. त्या पांढऱ्यात हे काय बघत असतील, असं मनात यायचं आणि मी पळीचा उगाच आवाज करायची.

एवढं झालं तरी सगळं सुधारायची एक संधी आली होती, आणि ती मी माझ्या डोळ्यांदेखत जाऊ दिली.

चौऱ्याहत्तर साली जोतीराम म्हणून मिरजेकडचा एक मिस्त्री कारखान्यात आला. गावोगाव फिरून कॉलेजांतले, दवाखान्यांतले मायक्रोस्कोप उघडून साफ करणं, भिंगं बदलणं हाच त्याचा धंदा. त्याला एक स्क्रू कातून हवा होता. ह्यांनी तो करून दिला आणि माणूस परगावचा म्हणून चहाला घरी आणलं. मिस्त्रीनं बसल्या बसल्या कोनाड्यातली पेटी ओळखली.

"भाऊ, यंत्र हाय की तुमच्याकडं! काढा की. उघडून बघतो."

हे उठले आणि पेटीच्या झाकणावर त्यांनी हात ठेवला. "नको. माझं झकास चाललंय."

"अवो, पैसं मागत न्हाय मी. भिंगं बघतो नुसती. जुन्या यंत्राचं फिरवून बसवायचं आटं आनि नव्या भिंगाचं आटं एकच असत्यात, बदलायचं म्हटलं तरी..."

"नको म्हनलं न्हवं?"

पाहुण्यावर त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मिस्त्रीनं हात मागं घेतला. मी कपबशा घेऊन आतल्या दारात उभी. दाखवा की त्यांना, एवढे तीन शब्द म्हटले असते तर झालं असतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, मला कळेल याची भीती. आणि मला भीती होती, मला कळलंय हे त्यांना कळेल याची. मी चहा खाली ठेवला आणि मिस्त्रीला म्हटलं, "साखर बगा बरी हाय का."

चहा पिऊन मिस्त्री गेला. संध्याकाळी मी विचारलं, काय दिसतंय? त्यांनी सांगितलं.

विमलाचं लग्न होऊन ती गारगोटीला गेली. आम्ही दोघंच राहिलो, आणि आमच्यामध्ये ते यंत्र. एक्क्याऐंशीच्या पावसाळ्याच्या शेवटी ह्यांना कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग डॉक्टर. कावीळ पोटात गेलीय म्हणाले. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. डॉक्टरांनी पाणी वीस मिनिटं उकळून, गाळून द्यायला सांगितलं होतं. तो तांब्या मी त्यांच्या उशाशी ठेवायची.

एका दुपारी ते म्हणाले, "यंत्र काढ." मी काढलं. "पूस." मी त्यांच्याकडं बघितलं. खंडेनवमीपासून, चोरून बघितलं ती एक दुपार सोडली तर, मी यंत्राला बोट लावलं नव्हतं. "मी सांगतो तसं पूस," ते म्हणाले. त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं आणि मी केलं. फुगा. ब्रश. पटक्याचं कापड. "मदनं कडंला जा. दाबू नगंस. हां. असं." ते म्हणाले, "बेस जमतंय की तुला." मग म्हणाले, "आता एक थेंब टाक, आनि बघून सांग मला काय हाय."

हे त्यांनी का सांगितलं, ते मला आजही ठाऊक नाही. मला आपण होऊन कळावं असं वाटलं असेल, किंवा त्या दिवशी त्यांना फक्त गोष्ट ऐकायची असेल. कोटीतीर्थाचं पाणी घरात नव्हतं. त्यांना सोडून जायची सोय नव्हती. मी उशाचा तांब्या घेतला, बोटानं एक थेंब पट्टीवर टाकला आणि डोळा लावला. पांढरं.

"पायतान हाय," मी म्हटलं. "पळालंय."

"आनि?"

"भिंगरी बी हाय. दोन हायत. गरागरा फिरत्यात."

"आनि?"

"लेकुरवाळी आली बगा. पोटात चार-पाच हायत." माझा आवाज मला बरा वाटत होता. चौदा वर्षं ऐकून ऐकून मला त्यांच्यापेक्षा चांगलं सांगता येत होतं.

मग म्हणाले, "पानी कुठलं घेतलंस?"

"हे काय, तांब्यातलं."

"उकळलेलं?"

मी डोळा लावूनच राहिले. वर बघायची माझी हिंमत नव्हती.

"उकळलेल्या पान्यात काय जगतंय व्हय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "कवापास्नं ठावं हाय तुला?"

"सदुसष्टपास्नं."

खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल गेली. ह्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. त्या पिवळ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग एवढी वर्सं मी कुनासाठी बसत हुतो तितं?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "आनि मी तुमच्यासाठी इचारत हुते."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं होतं, सांगून झालं की दोघांनाही मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. मी यंत्र पुसलं, पेटीत ठेवलं, तांदळाची पुरचुंडी ठेवली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, जोतीराम मिस्त्रीला निरोप धाडू का. म्हणाले, "आता कशाला?" त्यानंतर ते अकरा दिवस होते. औषध घ्या म्हटलं की घ्यायचे, विमला आली तिच्याशी बोलले, पण मी संध्याकाळी काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. सोळा वर्षं खोटं का होईना, आमच्या घरात संध्याकाळी बोलणं होतं. ते मी बंद पाडलं, हेच मला सगळ्यात जास्त लागून राहिलं आहे.

दोन महिन्यांनी जोतीराम मिस्त्री त्याच्या फेरीवर कोल्हापुरात आला. कारखान्यात त्याला कळलं, म्हणून भेटायला आला. मी चहा टाकला आणि न बोलता पेटी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं यंत्र बाहेर काढलं, भिंग उजेडाला धरून बघितलं आणि चटकन माझ्याकडं बघून नजर खाली घेतली. मग पिशवी उघडली. चहा निवायच्या आत त्यानं जुनी तिन्ही भिंगं काढून ठेवली, नवी फिरवून बसवली, नळी आतून पुसली. फुलदाणीतलं पाणी घेऊन त्यानं थेंब टाकला.

"बगा वैनी."

मी बघितलं. दिसत होतं. पायताण खरंच पळत होतं.

"लई अवघड काम हुतं का वो?" मी विचारलं.

"न्हाय वो वैनी. दहा मिनटाचं." तो जुनी भिंगं कागदात गुंडाळत होता. "मी त्या वर्सी चहाला आलतो तवा बी असली भिंगं माझ्या पिशवीत हुती. भाऊच नको म्हनले."

ह्यांना घरातून नेलं तेव्हा मी रडले नव्हते. विमलाला आणि चाळीतल्या बायकांना त्याचं नवल वाटलं होतं. त्या दिवशी मात्र मी त्या परक्या माणसापुढं, पदर सुद्धा तोंडाला न लावता, मोठ्यानं रडले. त्याला काही कळेना. तो बिचारा सारखा म्हणत होता, "काय चुकलं का वैनी माझं?"